उलटा हात

खट्.

“पडला,” सून म्हणाली.

“ऐकू आलं. कान शाबूत आहेत माझे,” म्हातारा सासरा म्हणाला.

भिंतीवरच्या पेटीतला ब्रेकर खाली पडला होता आणि लोखंडी खांबावर बसवलेल्या चार्जरचा हिरवा दिवा विझला होता. चार्जरमधून निघालेल्या जाड काळ्या केबलच्या टोकाची गन अजून गाडीच्या कुशीत खुपसलेली. गाडी मात्र उपाशीच.

“बघा! मी काय सांगत होते?” गाडीच्या मालकीणबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या पोहायला शिकवत. केस ओले, खांद्यावर टॉवेल, आवाज तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत पोचेल असा. “दोन घास घेते आणि ओकते. दुपारी पोरांना घेऊन स्पर्धेला जायचंय मला. पाण्यात सडलीत बिचारी या एका दिवसासाठी. आता गाडी रुसली म्हणून सांगू त्यांना?”

“नाही सांगावं लागणार,” म्हातारा म्हणाला.

“आणि तो खांब? परवा हात लागला तर मुंग्या आल्या मला. फोनवरही बोलले होते मी.”

“बाई, तुम्ही दिवसभर पाण्यात. कातडी मऊ पडते. मग उशीसुद्धा टोचते माणसाला.”

सून हसली नाही. तिने पिशवीतून मीटर काढला. “लावून बघू का, बाबा?”

“मीटर कशाला? मी आहे ना. खटका वर कर तू.”

तिने मीटर परत पिशवीत ठेवला आणि खटका वर केला. दिवा हिरवा झाला. म्हातारा खांबापाशी गेला आणि त्याने उजवा हात उलटा करून खांबाला लावला. तळहात नाही, हाताची पाठ. वीज मूठ आवळते. तळहात लावला तर माणूस धरून बसतो आणि सुटत नाही. उलटा लावला तर हात आपोआप मागे फेकला जातो. गावातले निम्मे वायरमन ही गोष्ट त्याच्याकडून शिकले होते. पंख्याच्या दांड्यात, पंपाच्या अंगात, कपाटाच्या दारात बारीकशी वीज उतरलेली असली तरी त्याच्या हाताला कळायचं. लोक त्याला हातमीटर म्हणत. मुलाच्या लग्नपत्रिकेत त्याचं खरं नाव वाचून दोन जणांनी विचारलं होतं, हे गृहस्थ कोण?

सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. सगळे म्हणजे दोघी.

“स्वच्छ आहे,” तो म्हणाला. “खांबात काही नाही. त्या गनमध्ये पाणी शिरलं असेल, नाहीतर वरच्या

खट्.

पुन्हा.

बोटं गेली होती. म्हणजे जागेवर होती, दहाच्या दहा, पण त्यांची टोकं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी. साखर, डॉक्टर म्हणाले होते, आणि गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांचं घरात माहीत होतं. बोटांचं नव्हतं.

एकदा वायर सोलताना तांबं लाल दिसायला लागलं. त्याला वाटलं, हे कसलं तांबं? मग लक्षात आलं, आपलंच रक्त.

मुलगा बँकेत होता. तो दर रविवारी म्हणायचा, “बाबा, पुरे आता. बसा घरी.” म्हातारा म्हणायचा, “बसून काय करू? अंडी उबवू?” सून हसायची. तीच त्याच्याकडून काम शिकली होती, मुलगा नाही. मुलगा साधा बल्ब बदलायलाही स्टुलावर चढताना देवाचं नाव घेई.

शर्टाच्या मनगटाची बटणं आता त्याला लागत नव्हती. बटण बोटात आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळत नसे, आणि एका हाताने, मान वाकडी करून, किती बघणार? म्हणून तो बाह्या कोपरापर्यंत दुमडून ठेवायचा. थंडीतही. लोक म्हणत, कामाचा माणूस आहे.

बोटांची टोकं गेली, पण हाताची पाठ चांगली आहे, असं तो धरून चालला होता. तपासलं नव्हतं. चालू वायरिंगचं असंच असतं, दिवे लागतायत तोवर पेटी कोण उघडतो?

भिंतीत ओल शिरते तेव्हा आधी खालच्या विटा काळ्या पडतात. मग ती चढते. कुठवर आली हे भिंतीला हात लावून

खट्.

“आता तर गन बाहेर आहे,” सून म्हणाली. “गाडीला काही जोडलेलंच नाही. तरी पडला.”

“मग गाडी सुटली. गाडीत दोष नाही.”

“हुश्श,” बाई म्हणाल्या.

“हुश्श काय? म्हणजे दोष इथेच आहे.”

खटका खालीच ठेवून त्यांनी चार्जरचं झाकण उघडलं. आठवडाभर ऊन नव्हतं. तळघरातला हा गाड्यांचा तळ बंद डब्यासारखा घामेजला होता. भिंतींवर पाण्याचे ओघळ, गाडीच्या पुढे एक डबकं, छताच्या पाइपावरून टपटप. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब लटकले होते, आणि तांब्याच्या टोकांवर हिरवी बुरशी धरावी तसा थर.

“केबल बघ,” म्हातारा म्हणाला. “वरून सरळ आत आणली आहे. पाणी केबलवरून चालत चालत घरात शिरलं. बाहेरच खाली एक झोळ दिला असता तर थेंब तिथेच गळून पडला असता. कुणी बसवलं हे?”

“मोठ्या दुकानाच्या माणसांनी,” बाई म्हणाल्या. “टोप्या वगैरे घालून आले होते.”

“टोपीला झोळ असतो, केबलला नाही.” मग सुनेला, “बोट फिरव आतून. ओल कुठवर आहे सांग.”

सुनेने बोट फिरवलं. “खालच्या पट्टीला आहे. वर कोरडं.”

“मागच्या बाजूला?”

“तिथेही आहे. थोडी.”

“असं शिकायचं असतं,” तो म्हणाला.

गेले कित्येक महिने तो असं शिकवत होता. बोट फिरव, सैल आहे का सांग, गरम झालंय का बघ. सुनेला वाटे, बाबा आता सगळं माझ्या हाती देतायत. देतच होता तो. फक्त कारण वेगळं होतं.

“वाळवायचं कशाने?” सून म्हणाली. “कपड्याने आतलं जाणार नाही.”

बाईंनी एक बोट वर केलं, जिन्यावरून धावत गेल्या आणि केस वाळवायचं यंत्र घेऊन आल्या. “हे घ्या. पोरं पाण्यातून निघाली की लागतं. लांब केसांच्या दोघींना एका वेळी वाळवतं, तुमची पेटी काय चीज आहे!”

“पेटीची वेणी घालायचीय का?” म्हातारा म्हणाला आणि पहिल्यांदाच सगळे हसले.

सुनेने यंत्र दुसऱ्या बाजूच्या सॉकेटला लावलं. गरम वारा चार्जरच्या पोटात, मग गनच्या तोंडात, मग परत पोटात. थेंब पळाले. हिरवा थर तिने घासून काढला. झाकणाची रबरी कड चिरली होती, ती बदलली. केबल खाली ओढून तिला झोळ दिला. म्हातारा नुसता “अजून, अजून, बास” म्हणत होता. बाई मधूनमधून जिन्यावरून डोकावत होत्या आणि फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, “होतंय रे होतंय, चष्मे विसरू नका.”

“लाव आता,” तो म्हणाला.

सुनेने गन गाडीत खुपसली. खटका वर केला.

हिरवा.

दोघं पेटीकडे बघत उभे राहिले. कान त्या एका आवाजाकडे. दारावर थाप पडायची वाट बघावी तसे.

आवाज आला नाही.

आवाज आला नाही आणि आणखी थोडा वेळ गेला तरी आला नाही, गाडीच्या काचेमागे आकडा एकाने वाढला, सून म्हणाली बाबा घेतेय ती, तो म्हणाला घेईल नाहीतर जाते कुठे, पण त्याला बरं वाटलं, इतकं बरं की त्याने पुन्हा एकदा उलटा हात खांबाला लावला, कामानंतर बैलाच्या पाठीवर थोपटावं तसा, आणि खांब गप्प होता, हातही गप्प होता, आणि सून पेटीपाशी उभी राहून अवजारं पिशवीत भरायला लागली, आणि त्याला खांबाच्या बुडाशी पेचकस पडलेला दिसला म्हणून तो वाकला, वाकताना तोल सावरायला कोपराखालचा उघडा भाग खांबाला टेकला आणि तिथे, दुमडलेल्या बाहीच्या खाली, एक बारीक किरकिर झाली, कानस घासल्यासारखी, कातडीखालून किडा चालल्यासारखी, ही किरकिर त्याला आयुष्यभर माहीत होती, लग्नाच्या बायकोच्या पावलासारखी माहीत होती, पायात रबरी तळाचे बूट असतानाही एवढी, आणि त्याने हात मागे घेतला आणि हाताची पाठ तिथेच, त्याच जागी लावली आणि काही नव्हतं, कोपर लावलं, होतं, पाठ लावली, नव्हतं, आणि तेव्हा त्याला दोन गोष्टी एकदम कळल्या, खांबात वीज आहे ही एक, आणि दुसऱ्या गोष्टीकडे बघायला वेळ नव्हता कारण जिन्यावरून बाई येत होत्या, एका कानाशी खांद्याने दाबलेला फोन, एका हातात बूट, डबक्यात भिजू नयेत म्हणून काढून हातात घेतलेले, म्हणजे पाय उघडे, ओले, आणि त्या सरळ डबक्यात उतरल्या आणि दुसरा हात त्यांनी पुढे केला, डबकं ओलांडताना रोज ज्याला धरत असतील त्या खांबाकडे, तळहात, तळहात पुढे, बोटं धरायच्या आकारात, आणि तो ओरडला शिवू नका, आणि त्या हसून म्हणाल्या अहो तुम्हीच तर म्हणालात स्वच्छ आहे, आणि हात थांबला नाही, आणि त्यांच्यामध्ये आणि त्याच्यामध्ये गाडीचं अख्खं नाक होतं, आणि तो सुनेकडे वळून पोटातून ओरडला, पाड, पाड तो

खट्.

बाईंचा हात खांबावर होता. बोटं मिटलेली.

“काय झालं?” त्या म्हणाल्या.

 फोनमधून एक पोरगा विचारत होता, टोपी पिवळी घालायची की निळी?

“सोडा तो खांब,” म्हातारा म्हणाला. “या इकडे. पायरीवर या.”

सुनेचा हात अजून खटक्यावर होता. का, कशाला, असं तिने विचारलं नव्हतं. पाड म्हटल्यावर पाडायचं, हेही त्यानेच शिकवलेलं. आता ती हळूच म्हणाली, “मीटर लावते.”

“लाव.”

बाई पायरीवर गेल्यावर तिने गाडीची गन काढली, मीटरची एक काडी खांबाला चिमट्याने लावली, दुसरी ओल्या जमिनीवर टेकवली, खटका वर केला, आकडा बघितला आणि लगेच खाली केला. आकडा मोठ्याने वाचला नाही. मीटर म्हाताऱ्याकडे वळवून धरला. त्याने चष्मा वर सारला, बघितलं, मान हलवली.

“मग मघाशी पडत होता ना खटका?” बाई म्हणाल्या. आवाज आता तलावाच्या पलीकडे गेला नसता. “आता का नाही पडला?”

“मघाशी गळती मोठी होती, म्हणून त्याला कळत होती,” सून म्हणाली. “वाळवल्यावर कमी झाली. पण उरलेली जमिनीत जायला वाट नाही. अर्थिंगची वायर कुठेतरी गंजली असणार. म्हणून ती खांबात तुंबून राहिली.”

“मी धरल्यावर पडला असता की.”

“पडला असता,” म्हातारा म्हणाला. “बहुतेक. तुमच्या अंगातून गेल्यावर.”

बाई पायरीवर बसल्या. बूट अजून हातातच होते. जरा वेळाने त्यांनी मान वर केली. “पण तुम्ही हात लावला होता. माझ्यासमोर. स्वच्छ आहे म्हणालात.”

सून पुढे झाली. “तेव्हा नसेल उतरली, बाई. ओलीचं असंच असतं. घटकेत आहे, घटकेत नाही. बाबांच्या हाताला कळलं नाही असं कधी होत नाही. विचारा कुणालाही गावात.”

ती हे खरं मानून बोलत होती. आणि ते खोटं ठरवणारं तिथे कुणी नव्हतं. ओल कुणाची साक्ष द्यायला येत नाही. त्याने नुसती मान डोलवली असती तरी चाललं असतं. उलट, वेळेवर ओरडला म्हणून गावात आणखी एक गोष्ट झाली असती; हातमीटरने बाईंचा जीव वाचवला. त्याला ती गोष्ट ऐकूही येऊ लागली होती, चहाच्या टपरीवर, कुणाच्या तरी तोंडून.

आणि मग पुढच्या वेळी, कुठल्यातरी दुसऱ्या खांबापाशी, ही मीटर काढणार. आणि आपण म्हणणार, कशाला, मी आहे ना. आणि ही तो परत पिशवीत ठेवणार.

“होती,” तो म्हणाला.

“काय?”

“तेव्हाही होती. मला कळलं नाही.”

“बाबा, असं कसं होईल...”

“हात गेलाय माझा.” त्याने दोन्ही हात पुढे धरले, जणू दाखवण्यासारखं त्यात काही होतं. “बोटं आधी गेली. आता पाठही गेली. आज कळलं. इथे,” त्याने कोपराखाली दाखवलं, “इथवर आहे अजून.”

सून त्याच्या हातांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काय काय सरकत गेलं ते त्याला दिसलं. बोट फिरव. सैल आहे का सांग. गरम झालंय का बघ.

“कधीपासून?” ती म्हणाली.

“मागच्या थंडीपासून.”

“मग सांगायचं ना माणसाने!” हे बाई ओरडल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. “मला वेड्यात काढलंत. उशी टोचते म्हणे! मला कळत होतं ते कळत होतं!”

“हो,” तो म्हणाला. “तुम्हाला कळत होतं.”

  बाईंनी पायरीवर बसून बूट घातले, नाडी दोनदा बांधली, कारण पहिल्यांदा नीट बसली नाही. मग फोन कानाला लावला. “निळी घाला. आणि बसस्टॉपवर या सगळे. हो, बसने. हो रे, चेंगरून. पोहणाऱ्याला चेंगरण्याची कसली भीती?” जाताना त्या गाडीला लांबून वळसा घालून गेल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, “गाडीची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलीय. नीट झाल्याशिवाय जाऊ नका.” कुणाला उद्देशून, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

अर्थिंगचा खड्डा मागच्या भिंतीपाशी होता. सुनेने झाकण उचललं, चिखल उपसला. म्हातारा उलट्या बादलीवर बसून बघत होता. तिने वायर धरून जरा ओढली आणि ती हातात आली. टोकाशी तांबं नव्हतंच, भिजलेल्या खारी बिस्किटासारखा हिरवट भुगा होता, आणि लोखंडी चिमट्याचे दोन पापुद्रे.

“लोखंडाला तांबं बांधलंय,” ती म्हणाली.

“ओलीत ते दोघं नांदत नाहीत. एक दुसऱ्याला खातं. पितळी चिमटा घे, तुझ्या डाव्या कप्प्यात आहे. आणि जोड खड्ड्यात नको, वर घे, पाण्याच्या वर.”

तिने जोड वर घेतला. नट आवळताना तिने सवयीने विचारलं, “घट्ट झालाय का बघता?” आणि थांबली.

“तूच बघ,” तो म्हणाला. “अर्धा वळसा अजून दे. कुरकुर थांबली की पुरे.”

कुरकुर त्याला ऐकू येत होती. थांबलेलीही ऐकू आली.

तिने गन गाडीत लावली. खटका वर केला. दिवा हिरवा झाला. तिने मीटर खांबाला लावला, एकदा, मग जागा बदलून पुन्हा, मग मीटरचा सेल तपासून पुन्हा. शून्य. आणि तरीही ती हलेना. मीटर खाली ठेवून खांबासमोर उभी राहिली आणि तिने म्हाताऱ्याकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतेस?”

तिने उजवा हात उलटा केला. जवळ नेला. मीटर शून्य म्हणत असूनही तो अर्धवट उठला. हाताची पाठ खांबाला टेकली. राहिली.

“काय वाटतंय?” त्याने विचारलं.

“गार,” ती म्हणाली. “नुसतं गार आहे, बाबा. ओलं आणि गार.”

तो त्या गारव्याबद्दल आणखी काही विचारणार होता. विचारलं नाही. गाडीतला आकडा वाढत होता. वरच्या पाइपावरून एक थेंब केबलवर पडला, केबलवरून घरंगळत झोळापर्यंत आला, झोळाच्या तळाशी लटकला आणि तिथेच गळून पडला.

बाहेर आले तेव्हा अंधारून आलं होतं आणि वारा होता. सुनेने स्कूटर काढली, अवजारांची पिशवी पुढे पायाशी ठेवली. एरवी ती पिशवी मागे त्याच्या मांडीवर असे. म्हातारा मागे बसायला लागला.

“थांबा,” ती म्हणाली. “बाह्या.”

“राहू दे. सवय आहे.”

तिने त्याचा डावा हात धरला, दुमडलेली बाही एकेक घडी करून खाली आणली, मनगटावर ओढली आणि बटण लावलं. मान खाली घालून, शाळेत जाणाऱ्या मुलाचं लावावं तसं नव्हे. नट आवळावा तसं, लक्ष देऊन.

“घट्ट होतंय का?” ती बोलून गेली.

म्हाताऱ्याने मनगटाकडे बघितलं. नीट बघितलं, बटण, काज, कापडाची कड.

“नाही,” तो म्हणाला आणि दुसरा हात पुढे केला.